दीक्षित की दिवेकर? आधी मीटर!

मंडळी, 2018 साली अख्ख्या महाराष्ट्रात भांडण पेटलं होतं. दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणत, दोनदाच जेवा, 55 मिनिटांत आटपा, 45 मिनिटं चाला. ऋजुता दिवेकर सांगत, दर दोन तासांनी थोडं खा. आमच्या नायगावच्या पोलीस वसाहतीत ते भांडण अजून चालूच आहे, व्हॉट्सॲपवर!

माझे बाबा हवालदार. शुगरसाठी ग्लिमेपिराइड चालू. कुठलातरी फॉरवर्ड वाचून, डॉक्टरांना न विचारता नाश्ता बंद केला. गोळी मात्र सकाळीच! बंदोबस्तात दरदरून घाम, हात थरथरायला लागले. दवाखान्यात मोजली तर 54. साखरपाणी पाजलं, निभावलं. चूक आमचीच.

ही गोळी शरीरातलं इन्शुलिन वाढवते, तुम्ही जेवा अथवा न जेवा. नुसत्या मेटफॉर्मिनवाल्याला जे झेपेल ते बाबांना कसं झेपणार?

दुसऱ्याच्या मशीनवर चाललं म्हणून आपण टेस्टिंगशिवाय कोड प्रॉडक्शनवर टाकतो का? मग वडिलांच्या शरीरावर का?

आता डॉक्टरांनी ड्युटी बघून वेळा ठरवल्यात. भात अर्धा, उसळ जास्त, जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं. जेवणाआधी आणि दोन तासांनी मीटर. शेजारच्या काकूंचे गुडघे गेलेत, त्यांना खुर्चीतले व्यायाम. आजार तोच, प्लॅन वेगळा.

गुरू कुणीही करा हो... पण आधी स्वतःची गोळी आणि ड्युटी बघा. फॉरवर्ड पाठवणारा बंदोबस्ताला सोबत नसतो.