बाईच्या मायेला मार्क किती?

मैत्रिणींनो, बाई मुळातच मायाळू हे आजवर आपल्याला कीर्तनकार सांगत, सासवा सांगत. आता मानसशास्त्रज्ञ तेच आकड्यांत सांगतात.

समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं आणि त्याला साजेसा भाव आपल्या मनात उमटणं, ही समानुभूती. प्रौढांमधली समानुभूती मोजायला केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि सॅली व्हीलराइट यांनी तयार केलेली मापनी २००४ साली प्रसिद्ध झाली. ६० विधानं, त्यांतली २० नुसती भरतीची, उरलेल्या ४०वर गुण. स्वतःबद्दल स्वतःच सांगायचं, सहमत की असहमत.

आता ही मापनी खरी कशावरून? मुख्य तुलना ऑटिझम असलेल्या प्रौढांशी होती, हे मान्य. पण दुसरी कसोटी अशी की बायकांना पुरुषांपेक्षा जास्त गुण पडायला हवेत. ते पडले! म्हणजे बायका मायाळू म्हणून मापनी खरी, आणि मापनी सांगते म्हणून बायका मायाळू. याला सप्रमाणता म्हणायचं की घाण्याचा बैल?

त्यातलं एक विधान असं, की वादात मी माझा मुद्दा फारच रेटते असं लोक मला सांगतात. 'हो' म्हटलं की गुण शून्य. म्हणजे मोर्चातल्या निम्म्या बायका नापास.

खरं तर १९८३ सालीच नॅन्सी आयझेनबर्ग आणि रँडी लेनन यांनी तोवरची संशोधनं तपासून दाखवलं होतं, की स्वतः भरलेल्या प्रश्नावलीत स्त्री-पुरुषांत मोठा फरक दिसतो, पण शरीराच्या प्रतिक्रिया मोजल्या तर तो दिसत नाही. लहानपणापासून 'बाईनं असं असावं' हे ऐकलेली बाई कागदावर दुसरं काय लिहिणार? पुढे २००१मध्ये क्रिस्टी क्लाइन आणि सारा हॉजेस यांच्या प्रयोगात दुसऱ्याच्या मनातलं अचूक ओळखल्याबद्दल पैसे देऊ केले, तेव्हा स्त्री-पुरुषांमधला फरकच उरला नाही. पुरुषांना ओळखता येतं हो, फुकटात ओळखायची सवय नाही इतकंच!

हा वाद विद्यापीठापुरता नाही. बॅरन-कोहेन यांच्या २००३च्या पुस्तकात 'स्त्री-मेंदू'ला शोभणारी कामं दिली आहेत: परिचारिका, प्राथमिक शिक्षिका, समुपदेशक, शुश्रूषा करणारी. 'पुरुषी मेंदू'ला विज्ञान आणि इंजिनिअरिंग. जे स्वभावातच आहे त्याला कौशल्य कोण म्हणणार, आणि कौशल्य नाही तर पगार कशाचा? आपल्याकडे आशाताई अजून 'स्वयंसेविका'च आहेत आणि अंगणवाडी सेविकेला मिळतं ते 'मानधन'.

तेव्हा पुढच्या शिबिरात कुणी संशोधक अशी प्रश्नावली वाटायला आला, तर पेन उचलण्याआधी त्याला विचारू या: ही मापनी घडवताना बाईचा स्वभाव आधीच गृहीत धरला होता का? आणि पुरुषांनी स्वतःबद्दल जे लिहिलं, ते त्यांच्या घरच्या बायकांना विचारून ताडून पाहिलं का?