मुलाचा डीजे आणि जमिनीचा पैसा



चाकण, महाळुंगे, निघोजे या भागात कारखान्यांसाठी जमिनी गेल्या आणि बऱ्याच घरांत एकरकमी पैसा आला. अशा घरातला मुलगा म्हणतो, "मला डीजे व्हायचंय, सिस्टीम घेऊन द्या." काही वडील ऐकूनच घेत नाहीत, तर काही लगेच बँकेतली ठेव मोडतात. दोन्ही करू नका. आधी धंदा समजून घ्या.

यात कामे दोन. मोठाले स्पीकर टेम्पोवर चढवून वरातीत दुसऱ्यांची गाणी वाजवणे, हे एक. त्यात भांडवल फार गुंतते आणि लग्नसराई, गणपती सरले की सामान पडून राहते. शिवाय २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई आहे, सवलतीचे मोजके दिवस सोडून. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे.

दुसरे काम म्हणजे संगणकावर ठेका आणि सूर जुळवून स्वतःचे संगीत तयार करणे. अशा माणसाला प्रोड्यूसर म्हणतात. याला बरासा संगणक, हेडफोन आणि तयार कान लागतो. २०२४ साली क्रेटेक्स नावाने काम करणारे कृणाल घोरपडे आणि गायक श्रेयस सागवेकर यांचे 'तांबडी चामडी' हे मराठी गाणे असेच गाजले. नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने ते काढले.

पण फळ कधी येईल, याचा भरवसा नाही. मुंबईचे चरणजित सिंग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवीत. १९८२ साली त्यांनी जपानी रोलंड यंत्रांवर दहा राग डिस्को ठेक्यात बसवले. ती तबकडी फारशी खपली नाही. २०१० साली ती नेदरलँड्समधून पुन्हा निघाली, तेव्हा जगाने त्यांना ओळखले. २०१५ साली ते वारले. मधल्या काळात त्यांचे घर लग्नसमारंभातल्या व इतर वादनावर चालले.

नवे वाण आपण आधी गुंठाभर लावून पाहतो. इथेही तसेच करा. मुलगा असो वा मुलगी, शिक्षण किंवा नोकरी सांभाळून वर्षभर करू द्या. गावच्या भजनी मंडळात पखवाज, पेटी शिकू द्या. वर्षात निदान सहा गाणी पुरी झाली, तरच पुढचा खर्च करा. गाण्याचे हक्क लिहून देणाऱ्या करारावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू देऊ नका. आणि उरलेल्या जमिनीचा सातबारा या व्यवहारात मुळीच आणू नका.