पाहुणा आणि पर्वत

मे महिना उजाडला की समुद्रकाठचा दमट उकाडा सोसवेनासा होतो आणि गोमंतकातील अनेक कुटुंबे निलगिरीची वाट धरतात. सुमारे २,२४० मीटर उंचीवरील उटी त्यांना स्वर्गासारखी भासते. मात्र ह्याच दिवसांत सारा दक्षिण भारत त्या एका डोंगरमाथ्यावर लोटतो. सरोवराकाठी उभे राहावयास जागा उरत नाही आणि घाटातील वळणांवर वाहनांच्या रांगा लागतात. उटी पाहून आलो असे म्हणणाऱ्या प्रवाशाने पुष्कळदा पाहिलेली असते ती केवळ गर्दी!

ह्या गर्दीची दखल अखेर न्यायालयास घ्यावी लागली. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार मे २०२४ पासून निलगिरी आणि कोडाईकनाल येथे जाणाऱ्या वाहनांस ई-पास आवश्यक करण्यात आला. पुढे २०२५ च्या एप्रिल ते जून ह्या काळासाठी निलगिरीत दररोज ६,०००, तर शनिवार-रविवारी ८,००० वाहनांची मर्यादा घालण्यात आली. स्थानिकांची वाहने आणि सार्वजनिक वाहतूक तीतून वगळण्यात आली होती. तेथील व्यापाऱ्यांनी बंद पाळून निषेध नोंदविला. ज्यांची वर्षाची कमाई दोन महिन्यांवर अवलंबून, त्यांचा रोष समजण्याजोगा आहे. तथापि आमच्या मते न्यायालयाचे पाऊल योग्यच होते. डोंगरावरील पाणी, रस्ते आणि रुग्णालये आधी तेथील रहिवाशांची आहेत. पाहुण्यांचा हक्क त्यानंतरचा.

परंतु निर्बंध हा अर्धाच उपाय होय. वर्षाचा भार दोन महिन्यांत कोंबला जातो, हे खरे दुखणे आहे. निलगिरीला केवळ मे महिना ठाऊक नाही. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम उतारांवर धडकतात आणि शोला अरण्ये व गवताळ माळ ते पाणी जिरवून घेऊन ओढ्यांना हळूहळू देत राहतात. ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस येतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गवतावर दवाचे हिम होते आणि आकाश निरभ्र असते. फेब्रुवारीतही उटी उटीच असते, आणि तेव्हा तेथे जाणाऱ्यास डोंगर खरोखर भेटतो. बारा वर्षांतून एकदा फुलणारी नीलकुरिंजी २०१८ साली फुलली, ती तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात!

अर्थात प्रत्येक ऋतूचा मान राखावयास हवा. नोव्हेंबर २००९ मध्ये ह्याच जिल्ह्यात दरडी कोसळून चाळीसहून अधिक माणसे दगावली. ऑगस्ट २०१९ मध्ये अव्हलांची येथे एका दिवसात ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. उतार पोखरून बांधलेल्या इमारती अशा वेळी कोणाचीच गय करीत नाहीत. इंग्रजांनी गवताळ माळांवर ऑस्ट्रेलियातून आणलेल्या निलगिरी व वॅटल वृक्षांची लागवड केली. पाणी जिरवणारा माळ त्यामुळे आक्रसला आणि म्हशींचे कळप राखणाऱ्या तोडा लोकांची कुरणे घटली. त्या चुकीवर आज आपण सिमेंटची भर घालीत आहोत.

ह्या प्रश्नाचे उत्तर कदाचित त्या डोंगरातच आहे. मेट्टुपालयमहून निघणारी दातेरी रुळांची आगगाडी १९०८ साली उटीस पोहोचली आणि २००५ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. ४६ किलोमीटर चढण्यास ती सुमारे पाच तास घेते. त्या पाच तासांत ताडामाडांचा मुलूख मागे पडून चहाचे मळे लागतात, हवा पालटते आणि आपण कोणाच्या घरी चाललो आहोत ह्याचे भान येते. स्वतःची मोटार हाकीत घाट चढणाऱ्यास ते येईलच असे नाही. गाडीची आसने थोडी आहेत हे खरे. पण बसगाड्या आहेत, आणि वर्षाचे इतर महिनेही आहेत.

आम्हां गोमंतकीयांस हे कोणी शिकवावयास नको. डिसेंबरच्या अखेरीस आपले किनारे आणि रस्ते पाहुण्यांनी तुडुंब भरतात तेव्हा आपण कपाळाला आठ्या घालतो, आणि पाच महिन्यांनी दुसऱ्याच्या दारात तसेच पाहुणे होऊन उभे राहतो. यजमान म्हणून ज्या शिस्तीची अपेक्षा आपण करतो, ती पाहुणे म्हणून पाळण्याची आपली तयारी आहे काय? निलगिरीच्या वाटेवर प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःस विचारावा. पर्वत कोणाला परत पाठवीत नाही, हे खरे. म्हणूनच केव्हा जावे आणि कसे जावे, हे जाणाऱ्यानेच ठरवावयाचे असते.