पायरीची उंची

बेळगावहून कित्तूर मागे टाकून धारवाडकडे निघाले की महामार्गालगत बेलूरची औद्योगिक वसाहत लागते. होयसळांच्या देवळांचे बेलूर ते वेगळे, हासन जिल्ह्यातले. या बेलुरात टाटा मोटर्सने ब्राझीलच्या मार्कोपोलो कंपनीच्या भागीदारीत उभारलेला बसबांधणीचा कारखाना आहे. अशा कारखान्यामागचे डिझाइनचे शास्त्र व्यवहारात किती उतरते, हे पाहायचे असेल तर बसची पायरी पाहावी.

आपल्याकडे शास्त्राची वानवा नाही. पवईच्या आयआयटीत 1969 पासून औद्योगिक डिझाइन शिकवले जाते. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्तींचे भारतीय शरीरमापांचे पुस्तक 1997 साली काढले. शहरी बससाठी केंद्राने 2008 साली मानके ठरवली; जमिनीपासून बसच्या आतल्या तळाची उंची 400, 650 किंवा 900 मिलिमीटर. दुसऱ्याच वर्षी शहरांना बसखरेदीसाठी पैसाही मिळाला.

घोडे पेंड खाते ते थांब्यावर. फुटपाथची कड साधारण 150 मिलिमीटर उंच धरतात. 400 ची बस कडेला टेकून उभी राहिली, तर चढायला उरतात 250. पण थांब्यावर रिक्षा उभ्या असतात, म्हणून बस रस्त्याच्या मधोमध थांबते. आजी फुटपाथवरून खाली उतरतात आणि त्यांना पुरे 400 चढावे लागते. कारखान्यात हिशेब चोख होता, रस्त्याने तो खोटा ठरवला. शिवाय बुटकी बस महाग पडते आणि गतिरोधकाला घासते. मग परिवहन उपक्रम मुकाट्याने उंच बसकडे वळतात.

हुबळी-धारवाडने उलटी वाट धरली. बीआरटीएसच्या, म्हणजे जलद बससेवेच्या, सुमारे 22 किलोमीटरच्या मार्गावर बस खाली आणण्याऐवजी फलाटच वर उचलला. ‘चिगरी’ नावाच्या तिथल्या बसमध्ये पायरी न चढता शिरता येते. गाडी, फलाट आणि मार्गिका यांचा विचार एकत्र झाला म्हणून हे जमले. बाकी शहरांत बस एक खाते घेते, थांबा दुसरे बांधते, रस्ता तिसरे उकरते; आणि पायरी या तिघांच्याही अखत्यारीत येत नाही.

महाराष्ट्राला सबब सांगायला जागा नाही. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत गाड्या बांधण्याचा अनुभव घरचाच आहे. नव्या गाडीचा पहिला नमुना आवारात अधिकाऱ्यांना दाखवून भागू नये. तो ऐन गर्दीच्या वेळी खऱ्या थांब्यावर उभा करावा. काठी टेकणारे आजोबा, कडेवर मूल घेतलेली बाई, भाजीची पाटी घेतलेली म्हातारी यांना त्यात चढू-उतरू द्यावे. ही चाचणी निविदेतच अट म्हणून घालावी आणि गाडी तिच्यात नापास झाली, तर सुधारणा होईपर्यंत पुढच्या गाड्यांचे बिल अडवावे.