अहवालातले तारकाचिन्ह

प्रति,
पन्नाशीपुढील पुरुषांना ‘संपूर्ण आरोग्य तपासणी’ची पॅकेजे विकणाऱ्या प्रयोगशाळासमूहाचे संचालक मंडळ यांस,

पीएसए चाचणीसाठी रक्त घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत आणि अहवालाखाली चार ओळींचे स्पष्टीकरण छापावे, एवढी मागणी करणारी तीन पत्रे मंडळाच्या दप्तरी जमा आहेत. पहिल्या दोन पत्रांची पोच मिळाली. तिसऱ्यानंतर पत्रावर सह्या करणाऱ्या ज्येष्ठांच्या मोबाइलवर ‘साठीपुढील पुरुषांसाठी खास सवलत’ असा संदेश आला. या तत्परतेबद्दल मंडळाचे आभार मानणे औचित्याचे ठरते; मागणीचे काय झाले, ते मात्र अद्याप कळलेले नाही.

पौरुषग्रंथी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली प्रोस्टेट, ही मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून असते आणि वयाबरोबर वाढत जाते. कर्करोगाशी संबंध नसलेल्या या वाढीनेही लघवीची धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावे लागते आणि कधी लघवी पूर्ण तुंबून नळी घालण्याची वेळ येते. याच ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन रक्तात किती उतरले आहे, ते पीएसए चाचणी मोजते, आणि ग्रंथी नुसती मोठी झाली, तिला जंतुसंसर्ग झाला किंवा मूत्रमार्गात नळी घातली गेली, तरी ते प्रमाण चढते. हे प्रथिन ग्रंथीचे आहे, कर्करोगाचे नव्हे, ही गोष्ट मंडळाच्या वैद्यकीय सल्लागारांना ठाऊक नसेल असे मानण्याचे कारण नाही. अहवाल हाती घेणाऱ्याला ती सांगावीशी का वाटत नाही, एवढाच प्रश्न आहे.

त्या अहवालात डाव्या रकान्यात चाचणीचे नाव, मधे ठळक अक्षरांत ५.८ हा आकडा, त्याला चिकटून तारकाचिन्ह आणि उजवीकडे ‘०.० ते ४.०’ ही मर्यादा असते. पानाच्या तळाशी ‘आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ ही बारीक ओळ आणि तिच्याखाली, तिच्याहून मोठ्या टायपात, पुढील तपासणीचे कूपन असते. हा कागद रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर येतो, आणि ज्या घरात तो उघडला जातो तेथे ती रात्र कशी जाते, याचा रकाना अहवालात नाही. वस्तुस्थिती अशी की ४ ते १० या टप्प्यात पीएसए असलेल्या चार पुरुषांपैकी साधारण तिघांच्या बायोप्सीत, म्हणजे सुईने ग्रंथीचे तुकडे काढून केलेल्या तपासणीत, कर्करोग सापडत नाही. उलट २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याहून कमी असलेल्यांपैकी १५.२ टक्के पुरुषांच्या बायोप्सीत कर्करोग आढळला होता. म्हणजे या टप्प्यातला तारा असला तरी तीन चतुर्थांश वेळा भीती निष्कारण, आणि तारा नसला तरी निश्चिंती निराधार. त्यात फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही ग्रंथीचा आकार कमी करणारी गोळी सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर पीएसए जवळपास निम्मे होते, त्यामुळे अशा रुग्णाचा ३.२ हा बिनताऱ्याचा आकडा प्रत्यक्षात ६.४ च्या तोलाचा समजावा लागतो. सकाळी सातला घरी रक्त घ्यायला येणारा मुलगा ‘काका, उपाशी आहात ना?’ एवढे आस्थेने विचारतो. लघवीची कोणती गोळी चालू आहे, गेल्या दोन महिन्यांत संसर्ग झाला होता का, नळी घातली होती का, हे त्याच्या अर्जातच नाही, तेव्हा दोष त्याचा नव्हे.

चाचणी निरुपयोगी आहे, असा कोणाचाही दावा नाही. युरोपातील आठ देशांतील सुमारे १ लाख ६२ हजार पुरुषांच्या २३ वर्षांच्या पाठपुराव्यात चाचणीचे निमंत्रण मिळालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र एक मृत्यू टाळण्यासाठी ४५६ जणांना निमंत्रण द्यावे लागले आणि १२ जणांचे जादा निदान झाले. हे पुरुष ५५ ते ६९ वयाचे होते. सत्तरीनंतर सरसकट ही चाचणी करू नये, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१८ साली सांगितले, आणि त्याआधीच्या वयात निर्णय माहिती घेऊन ज्याने त्याने करावा असे सुचवले. मंडळाच्या जाहिरातीतील हसऱ्या आजोबांचे वय पंचाहत्तरीच्या अलीकडे दिसत नाही.

निदानानंतरच्या वाटेचा हिशेबही याच ताऱ्यापासून सुरू होतो. ब्रिटनमधील १,६४३ रुग्णांच्या अभ्यासात ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग असलेल्यांना देखरेख, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यांपैकी एक मार्ग दिला गेला, आणि १५ वर्षांनंतर तिन्ही गट मिळून केवळ २.७ टक्के या कर्करोगाने दगावले, गटागटांत लक्षणीय फरक नव्हता. फरक इतरत्र होता: शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुषांना लघवीसाठी पॅड वापरावे लागत होते, सहा वर्षांनीही १७ टक्क्यांना, संभोगास पुरेसे ताठरपण सहा महिन्यांनी फक्त १२ टक्क्यांत उरले होते, जे उपचारापूर्वी ६७ टक्क्यांत होते. ज्या समाजात पुरुष लघवीची तक्रारही बायकोपासून लपवतो, तेथे हे आकडे ऑपरेशननंतर नव्हे, चाचणीआधी कळायला हवेत. (लघवीच्या साध्या गोळीबाबतही हीच मूकता आहे: टॅम्सुलोसिन घेणाऱ्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी नेत्रतज्ज्ञाला तसे सांगणे आवश्यक असते, कारण त्या औषधाने शस्त्रक्रियेदरम्यान डोळ्याची बाहुली लहान होते आणि बुबुळ सैल पडते.)

घराण्यात हा कर्करोग असलेल्यांनी, अथवा पाठीच्या हाडांचे दुखणे आणि लघवीचा त्रास एकत्र असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पीएसए जरूर करावे. ते टाळण्यास हे पत्र कारण होऊ नये. मागणी पूर्वीचीच आहे. अर्जात वय, चालू गोळ्या, अलीकडचा संसर्ग आणि घातलेली नळी हे चार प्रश्न असावेत; चढलेला आकडा काही आठवड्यांनी पुन्हा तपासावा, बायोप्सीआधी एमआरआयचा पर्याय विचारावा, फिनास्टेराइड घेणाऱ्याने आकडा दुप्पट धरावा आणि चढलेला आकडा म्हणजे कर्करोग नव्हे, या चार ओळी मराठीत, कूपनाच्या जागी छापाव्यात. कूपनाच्या जागेत त्या व्यवस्थित मावतात, हे मोजून पाहिलेले आहे.

सदर पत्राची पोच नको, उत्तर हवे.

पत्र पाठवणारे ज्येष्ठ नागरिक