फॉरमॅट मारण्याआधी

‘टास्क मॅनेजरमध्ये भलतंच काहीतरी दिसतंय’ असं नाशिक रोडला बिटको चौकापासून जेल रोडपर्यंत कुठेही म्हणून बघा. सल्ला ठरलेला: ‘व्हायरस असेल, उडवा. नाहीतर सरळ फॉरमॅट मारा.’ हा सल्ला तीन समजुतींवर उभा आहे आणि तिन्ही कच्च्या आहेत.

पहिली, अनोळखी नाव म्हणजे धोका. २००२ साली अस्वलाचं चित्र असलेल्या ‘जेडीबीजीएमजीआर’ या फाइलविषयी ईमेल फिरला: हा व्हायरस आहे, पुसून टाका, ओळखीच्यांनाही कळवा. फाइल विंडोजचीच होती. लोकांनी चांगली फाइल स्वतःच्या हाताने काढून टाकली.

दुसरी, ओळखीचं नाव म्हणजे निर्धोक. ‘एसव्हीसीहोस्ट’ विंडोजच्या सेवा चालवतो. त्याच्या डझनावारी प्रती एकाच वेळी चालतात आणि त्यात वावगं काही नाही. पण म्हणूनच लबाड प्रोग्रॅमला या गर्दीत लपायला सोपं जातं. तो हेच नाव घेतो, किंवा व्ही आणि सी यांची अदलाबदल करून ‘एससीव्हीहोस्ट’ होतो. घाईत नजर फसतेच.

तिसरी, अँटीव्हायरसचा शब्द अखेरचा. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीतला खराखुरा एसव्हीसीहोस्टच व्हायरस ठरवला आणि असंख्य संगणक बंद पडले. उलट २०१७ मध्ये सीक्लीनरची बाधित आवृत्ती कंपनीच्या अस्सल डिजिटल सहीनिशी सुमारे महिनाभर बिनबोभाट वाटली गेली.

मग भरवसा कशावर ठेवायचा? एका खुणेवर तर नक्कीच नाही. १९२८ पासून नोटा छापणाऱ्या करन्सी नोट प्रेसच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. पाचशेची नोट आपण नुसता आकडा वाचून घेत नाही. उजेडात जलचिन्ह पाहतो, तिरकी करून हिरवा धागा निळा होतो का तेही पाहतो.

प्रोसेसही तशीच पारखावी. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या ‘सिस्टिम३२’ किंवा ‘सिसवॉव६४’ फोल्डरात असतो. तोच ‘टेम्प’मधून चालत असेल तर पाणी मुरतंय. मग प्रॉपर्टीजमधल्या ‘डिजिटल सिग्नेचर्स’ टॅबमध्ये सही पाहा. मात्र विंडोजच्या काही फाइलींची सही वेगळ्या कॅटलॉगमध्ये असते, त्यामुळे तो टॅब नाही म्हणून लगेच चोर ठरवू नका. मायक्रोसॉफ्टच्याच मोफत ‘प्रोसेस एक्सप्लोरर’मध्ये ती प्रोसेस कोणी सुरू केली ते दिसतं. एसव्हीसीहोस्टला एरवी ‘सर्व्हिसेस’ने सुरू केलेलं असतं. तिथूनच फाइलचा हॅश, म्हणजे जणू तिच्या बोटाचा ठसा, ‘व्हायरसटोटल’ या संकेतस्थळावर पडताळता येतो. हॅशवर भागवा, ऑफिसची खासगी फाइल तिथे चढवली तर ती इतरांच्याही हाती जाऊ शकते.

‘एवढा वेळ कोणाला आहे?’ असा आक्षेप येईल. पण यात पाच-दहा मिनिटं जातात; फॉरमॅटमध्ये दिवस जातो आणि बॅकअप नसेल तर वर्षाचे हिशेबही. शिवाय चोर कुठल्या वाटेने आला, याचा मागही पुसला जातो. ती वाट उघडी राहिली तर तो पुन्हा येतो. खुणा जुळल्या नाहीत तर आधी इंटरनेट तोडा, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. एवढं झाल्यावर खुशाल फॉरमॅट मारा.