मालक कोण, ते आधी सांगा

२०२५ च्या एप्रिलमध्ये रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावात मध्यस्थामार्फत ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. मध्यस्थी हे मुळात पाप नव्हे. अकोला-अमरावतीचा अडत्याही परक्या तुरीचाच सौदा करतो; पण शेतकरी ढिगापाशी उभा असतो, बोली उघड होते. जुनी नाणी-मूर्ती खपविणारा जो दलाल मालकाचे नाव झाकून दोघांना दोन भाव सांगतो, तो सातव्या आज्ञेचाच भंग करतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो. मग शेतात सापडलेल्या हंड्याची दलाली कोणाच्या वतीने चालते? बंधुभगिनींनो, ज्या वस्तूचा मालक सांगता येत नाही, ती फुकट मिळाली तरी घरात आणू नका.